एका ‘जिमी’मुळे उभा राहिला निधी, कोण होते डॉ. फार्बर?

मुलांच्या मेंदूतील ट्युमरसारख्या आजारांवरील संशोधनाला आज देणग्यांचा मोठा आधार असतो. ही वाट रुळवली बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर (१९०३-१९७३) यांनी. ल्युकेमिया झालेली मुले तेव्हा वाचत नसत. फार्बर यांनी १६ मुलांना अमिनोप्टेरिन दिले. १० जणांना उतार पडला, पण तात्पुरताच. पुढच्या संशोधनासाठी पैसा हवा होता.

२२ मे १९४८ रोजी आतड्याचा कर्करोग झालेला १२ वर्षांचा त्यांचा एक रुग्ण ‘जिमी’ या टोपणनावाने रेडिओवर बोलला. त्याचे लाडके बेसबॉल खेळाडू खाटेभोवती जमले होते. श्रोत्यांनी २ लाख ३१ हजारांहून अधिक डॉलर पाठवले. ‘जिमी फंड’ आजही सुरू आहे. जिमी वाचला, त्याची खरी ओळख जगाला ५० वर्षांनी, १९९८ मध्ये कळली. फार्बर मात्र तोवर हयात नव्हते.