शिसपेन्सिलीने लिहिलेला ग्रंथ

लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. त्यांचे वडील शिक्षक होते. टिळकांचे पुढचे शिक्षण पुण्यात झाले. तेथेच त्यांनी मित्रांबरोबर शाळा काढली आणि १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ ही वृत्तपत्रे सुरू केली. ‘केसरी’तील लेख गावोगावी वाचले जात. इंग्रज सरकारला या लेखणीची धास्ती वाटू लागली.

१९०८ मध्ये ‘केसरी’तील लेखांबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. २२ जुलैला मुंबईच्या न्यायालयाने त्यांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली. दुसऱ्याच दिवशी त्यांना बावन्न वर्षे पूर्ण होत होती! त्यांना दूर ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, मंडालेच्या तुरुंगात पाठवण्यात आले.

याच ब्रह्मदेशात, रंगून येथे, इंग्रजांनी पूर्वी बहादूरशाह जफर यांना कैदेत ठेवले होते. १८६२ मध्ये त्यांचे तेथेच निधन झाले. त्या शायर बादशहाला कागद-कलम देण्याची मनाई होती. टिळकांना लिहिण्याची परवानगी मिळाली, पण तिच्या अटी मोठ्या विचित्र होत्या.

त्यांना सुटे कागद मिळत नसत. बांधलेल्या वह्या मिळत, त्याही पाने मोजून आणि प्रत्येक पानावर आकडा घालून. एखादे पान फाडले, तर ते लगेच कळावे, हा हेतू उघड होता. शाई मिळत नसे. मिळत त्या फक्त शिसपेन्सिली, आणि त्यासुद्धा आधीच तासलेल्या. पुस्तकांचीही तीच गोष्ट. मध्यंतरी एका वेळी चारच पुस्तके जवळ ठेवावीत, असा हुकूम निघाला. चार पुस्तकांवर अभ्यास कसा व्हायचा? टिळकांनी सरकारकडे तक्रार केली, तेव्हा सर्व पुस्तके परत मिळाली. सुटकेच्या वेळी त्यांच्याजवळ साडेतीनशे ते चारशे पुस्तके होती.

त्यांची खोली लाकडी फळ्यांची होती. फटींतून उन्हाळ्यात धूळ येई, थंडीत गार वारा येई. टिळकांना मधुमेह होता. घरी महिन्यातून एकच पत्र पाठवता येत असे. १९१२ च्या जून महिन्यात पत्नी सत्यभामाबाई वारल्याची तार त्यांना तेथेच मिळाली. शेवटची भेटही झाली नाही.

अशा तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी आपल्या ग्रंथाचा पहिला खर्डा लिहिला. भगवद्गीता हा हिंदूंचा महत्त्वाचा धर्मग्रंथ. संसार सोडून न जाता, फळाची आशा न धरता माणसाने आपले कर्तव्य करीत राहावे, असा गीतेचा अर्थ त्यांना मांडायचा होता. त्यावर त्यांनी अनेक वर्षे विचार केला होता. म्हणून पंधरा प्रकरणांचा एवढा मोठा ग्रंथ सुमारे पाच महिन्यांत वह्यांत उतरला. पुढे त्यांनी त्यात पुष्कळ भर घातली.

जून १९१४ मध्ये टिळक सुटून पुण्याला आले. वह्या मात्र सरकारने ठेवून घेतल्या. दिवस जात होते, वह्या येत नव्हत्या. सरकार त्या परत देणारच नाही, अशी शंका लोकांना येऊ लागली. दुसरी प्रत कोठेही नव्हती. टिळक मात्र शांत होते. वह्या सरकारजवळ असल्या तरी ग्रंथ आपल्या डोक्यात आहे. सिंहगडावरच्या बंगल्यात बसून तो पुन्हा लिहून काढू, असे ते म्हणत. बोलणे सोपे, पण शेकडो पाने पुन्हा लिहिणे हे पन्नाशी ओलांडलेल्या, आजारी माणसाला किती जड गेले असते!

तशी वेळ आली नाही. अखेर वह्या परत मिळाल्या आणि जून १९१५ मध्ये ‘गीतारहस्य’ पुण्यात प्रसिद्ध झाले. माधवराव सप्रे यांनी त्याचे हिंदीत भाषांतर केले. त्यानंतर पाच वर्षांनी, १ ऑगस्ट १९२० रोजी, मुंबईत टिळकांचे निधन झाले.