चाळीसगावचे वकील : हरी विनायक पाटसकर

मुलांनो, लासूर स्टेशनवर गाडीत बसलात की मनमाडला उतरता येते. तिथून भुसावळकडे जाणारी गाडी धरली की चाळीसगाव लागते. या चाळीसगावात हरी विनायक पाटसकर नावाचे एक वकील होते. ते पुढे दिल्लीत मंत्री झाले आणि भोपाळला राज्यपाल झाले.

पाटसकरांचा जन्म १८९२ साली पुणे जिल्ह्यातील इंदापूर येथे झाला. कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी चाळीसगावला वकिली सुरू केली. तालुक्याच्या कोर्टात कसले खटले येतात, ते तुम्ही घरी ऐकले असेल. बांधाचे भांडण, भावाभावांची वाटणी, विधवेची जमीन! स्वातंत्र्याच्या चळवळीत पाटसकर काँग्रेसबरोबर होते. राज्यघटना तयार करणाऱ्या संविधान सभेचे ते सभासद होते. १९५२ साली ते जळगावमधून लोकसभेवर निवडून आले.

१९५५ मध्ये ते केंद्र सरकारच्या कायदा खात्यात मंत्री झाले. हिंदू स्त्रियांना हक्क देणारे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आधीच मांडले होते. पण ते अडून राहिले आणि १९५१ मध्ये बाबासाहेबांनी राजीनामा दिला. नंतर त्या विधेयकाचे तुकडे करून वेगवेगळे कायदे आणले गेले. ते लोकसभेत पुढे नेण्याचे काम पाटसकरांनी केले. १९५६ च्या वारसा कायद्याने वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा मिळाला. विधवा आपल्या जमिनीची पूर्ण मालकीण झाली. तुमच्या घरात विरासतीत मुलीचा हिस्सा असतो, हे तुम्हांला माहीत आहेच. (तो हिस्सा तिच्या हाती पडतो का, हेही घरी विचारून पाहा.) मात्र वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क मिळायला २००५ साल उजाडावे लागले.

पाटसकरांचे नाव आजही घेतले जाते ते एका वेगळ्या कामासाठी. १९५६ मध्ये भाषेप्रमाणे राज्यांची रचना झाली. आपला जिल्हा तोपर्यंत हैदराबाद राज्यात होता. आंध्र आणि मद्रास या राज्यांत मात्र सीमेवरच्या गावांवरून वाद राहिला. तो सोडवण्याचे काम पाटसकरांकडे आले आणि १९५७ मध्ये त्यांनी निवाडा दिला.

त्यांनी काय केले ते नीट समजून घ्या. समजा, एका तालुक्यात १०० गावे आहेत. ६० गावे तेलुगू बोलतात, ४० तमिळ बोलतात. तालुका हा घटक धरला, तर सगळी १०० गावे आंध्रात जातील आणि ४० गावांचे कोणी ऐकणार नाही. पाटसकरांनी गाव हाच घटक धरला. गावात कोणती भाषा बोलणारे जास्त आहेत, ते पाहिले. ते गाव त्या भाषेच्या राज्याला लागून आहे का, हेही पाहिले. या तत्त्वाने तिरुत्तणीचा भाग मद्रासला मिळाला, तर पोन्नेरी आणि तिरुवल्लूर तालुक्यांतील काही गावे आंध्राला मिळाली. ही अदलाबदल १ एप्रिल १९६० पासून अमलात आली.

१९५७ मध्येच पाटसकर मध्य प्रदेशचे राज्यपाल झाले. १९६५ पर्यंत ते त्या पदावर होते. १९६३ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. पुढे आसामच्या डोंगरी भागाचा प्रश्न त्यांच्या आयोगाकडे आला. आसाममध्येच राहून जास्त अधिकार घ्या, असा मार्ग त्यांनी सुचवला. पण डोंगरी लोकांच्या पुढाऱ्यांना तो पटला नाही, आणि १९७२ मध्ये मेघालय हे वेगळे राज्य झाले. प्रत्येक निवाडा दोन्ही बाजूंना मान्य होतोच असे नाही!

अखेरच्या काळात ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९७० साली त्यांचे निधन झाले.

बेळगावचा वादही खेडे हा घटक धरून सोडवा, असे महाराष्ट्र सांगत आला आहे. कर्नाटकाला ते मान्य नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या वादात चाळीसगावच्या या वकिलाचे सूत्र आजही पुढे ठेवले जाते.