किल्ल्यातले लहानसे चॅपल आणि राणी संत मार्गारेट

स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरात उंच खडकावर एक भक्कम किल्ला आहे. बुरूज आणि तोफा पाहत वर चढत गेले की अगदी माथ्यावर एक छोटी दगडी वास्तू लागते. बाहेरून पाहणाऱ्याला ती धान्याचे कोठार वाटावी. आत मात्र नक्षीदार कमान आहे, कमानीपलीकडे अर्धगोलाकार वेदीस्थान आहे आणि वीस-पंचवीस माणसे जेमतेम बसतील एवढीच जागा. हे संत मार्गारेटचे चॅपल. एडिंबरा शहरात आज उभ्या असलेल्या इमारतींत ही सर्वांत जुनी. ख्रिस्तसभा १६ नोव्हेंबरला जिचा सण पाळते त्या राणीची आज आपण ओळख करून घेऊ या.

मार्गारेटचा जन्म सुमारे १०४५ साली हंगेरीत झाला. तिचे वडील इंग्लंडच्या राजघराण्यातले, पण लहानपणापासून परदेशात वाढलेले. १०५७ साली कुटुंब इंग्लंडला परतले आणि थोड्याच काळात वडील वारले. पुढे १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. आई व भावंडांसह तिला पुन्हा घर सोडावे लागले. स्कॉटलंडचा राजा तिसरा मालकम याने या निर्वासितांना आसरा दिला आणि सुमारे १०७० साली डनफर्मलिन येथे मार्गारेटशी विवाह केला.

मालकम होता लढवय्या गडी. त्याला वाचता येत नव्हते, परंतु राणीला आवडणारी प्रार्थनापुस्तके तो हातात घेई, त्यांचे चुंबन घेई. एकदा तर त्याने तिचे एक पुस्तक सोने व रत्नांनी मढवून आणले. राणी त्याच्या पैशांतून गुपचूप नाणी काढून गरिबांना देई. राजाला ते ठाऊक असे आणि तो नुसती थट्टा करी. (असे नवरे थोडेच!) स्कॉटलंडमधील धर्मगुरूंशी उपवासकाळाच्या आरंभाविषयी आणि रविवारच्या विश्रांतीविषयी तिची चर्चा झाली, तेव्हा दोन्ही भाषा जाणणारा मालकम दुभाषा झाला. उपवासकाळ राखेच्या बुधवारपासून पाळावा, हा तिचा आग्रह होता.

तिची मुलगी मटिल्डा इंग्लंडची राणी झाली. तिच्याच विनंतीवरून टर्गो या मठवासी धर्मगुरूने मार्गारेटचे चरित्र लिहिले. त्यामुळे आपल्याला एवढे कळते की ही राणी सकाळी नऊ अनाथ बाळांना मांडीवर घेऊन स्वतःच्या चमच्याने भरवी, आणि उपवासकाळात व आगमनकाळात राजा-राणी मिळून तीनशे गरिबांना जेवू घालत. तिचे शुभवर्तमानाचे पुस्तक एकदा नदीत पडले. सापडले तेव्हा पाने जवळजवळ जशीच्या तशी होती. ते पुस्तक आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे.

आठ मुलांची ही आई १०९३ साली एडिंबराच्या किल्ल्यात आजारी होती. मालकम सैन्य घेऊन इंग्लंडवर निघाला. जाऊ नका, असे तिने सांगितले होते. त्याने ऐकले नाही. १३ नोव्हेंबरला अॅल्निक येथे तो मारला गेला आणि थोरला मुलगा एडवर्डही प्राणास मुकला. तीन दिवसांनी दुसरा मुलगा एडगर ही बातमी घेऊन आईच्या बिछान्यापाशी आला. आईची अवस्था पाहून त्याच्या तोंडून शब्द फुटेना, पण तिने खरे काय ते सांगायला लावले. तिच्या हाती क्रूस होता. देवाला दोष न देता तिने त्याचे आभार मानले आणि त्याच दिवशी प्राण सोडला. त्यानंतर मालकमच्या भावाने किल्ल्याला वेढा घातला आणि दाट धुक्याच्या आडून तिचे पार्थिव डनफर्मलिनला नेण्यात आले, अशी परंपरा आहे.

तिची सारीच मुले आईच्या वाटेने गेली असे आम्ही म्हणणार नाही. एडमंड हा मुलगा सत्तेसाठी काकाला जाऊन मिळाला. पुढे पश्चात्ताप करून तो मठात गेला. इतर तिघे राजे झाले. त्यांतला धाकटा डेव्हिड याने सुमारे ११३० साली किल्ल्यात हे चॅपल बांधले. म्हणजे ज्याला तिचे नाव आहे ते चॅपल मार्गारेटने पाहिलेच नाही! आई गेली तेव्हा डेव्हिड लहान होता.

१२५० साली पोप चौथे इनोसंट यांनी तिला संतपद दिले. १३१४ साली रॉबर्ट ब्रूसच्या माणसांनी किल्ला जिंकून पाडला, पण चॅपल वाचले. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर मात्र तेथली मिस्सा बंद पडली आणि आत बंदुकीच्या दारूची पिंपे ठेवू लागले. जिथे वेदी होती तिथे दारूगोळा! हे चॅपल आहे याचाच लोकांना विसर पडला. १८४५ साली डॅनियल विल्सन या अभ्यासकाने ते ओळखले आणि मग त्याची दुरुस्ती झाली. १९२२ साली खिडक्यांना रंगीत काचा बसल्या. त्यांपैकी एकीत स्वतः राणी मार्गारेट आहे. वेदीजवळ ताजी फुले ठेवण्याचे काम १९४२ साली स्थापन झालेले एक मंडळ करते. या मंडळातील स्त्रियांचे नावही मार्गारेटच असते.