न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे

आषाढीच्या वाटेवर पालख्यांचा पुण्यात मुक्काम असतो. माउलींची पालखी भवानी पेठेत उतरते, तुकोबारायांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात. मुक्कामाच्या दिवशी भजन-कीर्तन आटोपले की वारकरी मंडळी शहर पाहायला निघतात आणि त्यांतली पुष्कळशी शनिवारवाड्याकडे वळतात. आमच्या दिंडीतले एक वृद्ध बाबाही एकदा असेच जाऊन आले. आल्यावर पडशी खाली ठेवली, पाय धुतले आणि बराच वेळ गप्पच बसले. मग हळूच आम्हाला विचारू लागले की, तिथं अठरा वर्षांच्या पोराला चुलत्याच्या डोळ्यांदेखत कापलं असं लोक सांगतात, तर मग त्या चुलत्याला शासन काय झालं?

शासन सांगितले गेले, पण झाले नाही, असे आम्ही म्हटले. बाबांना ते काही उमगेना. म्हणून मग रामशास्त्र्यांची हकीकत त्यांना पहिल्यापासून सांगावी लागली. तीच येथे वाचकांसाठी लिहीत आहोत.

साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर क्षेत्र माहुली आहे. तिथल्या प्रभुणे घराण्यात १७२० च्या सुमारास राम विश्वनाथ यांचा जन्म झाला. वडिलांचे छत्र लवकर गेले. मौजीबंधन झाले, पण विद्या झाली नाही. ज्या वयात ब्राह्मणाच्या मुलाची संथा चालायची, त्या वयात हा मुलगा साताऱ्यास अनगळ सावकारांच्या घरी शागिर्दीला होता. पाणी भरावे, धन्याच्या हातापायांवर पाणी घालावे, सांगतील ते काम करावे. एके दिवशी पाणी घालताना त्याची नजर धन्याच्या अंगावरच्या मोत्यांवर खिळली आणि पाण्याची धार भलतीकडेच गेली, अशी गोष्ट सांगतात. धनी हसून म्हणाले की, ही लेणी शास्त्र शिकणाऱ्याला मिळतात, नाहीतर तलवार मारणाऱ्याला, पाणक्याला नाहीत. बोलणे मुलाच्या जिव्हारी लागले. त्याने काशीची वाट धरली. विशीच्या आसपास मुळाक्षरांपासून आरंभ करणे म्हणजे काय, हे ज्यांनी मोठेपणी पोथी हाती धरली असेल त्यांना वेगळे सांगायला नको.

या गोष्टीत आम्हाला एक गंमत वाटते. मुलगा निघाला तो मोत्यांसाठी. परत आला तेव्हा शास्त्र आले होते, मोत्यांची हौस मात्र काशीतच कुठे तरी राहून गेली होती.

१७५१ मध्ये ते पेशव्यांच्या पदरी शास्त्री म्हणून राहिले आणि १७५९ मध्ये पुण्यास मुख्य न्यायाधीश झाले. तेव्हाची न्यायाची रीत आजच्या कोर्टासारखी नव्हती. भांडण आधी गावात, पाटलापुढे, गोतापुढे, पंचांपुढे चाले. फिर्याद करणारा तो अग्रवादी, समोरचा तो पश्चिमवादी. दोघांच्या तकरिरी लिहून घ्यायच्या, निवाडा मान्य करीन असे लिहून घ्यायचे, जामीन घ्यायचे, कागदपत्र आणि साक्षी पाहायच्या. साक्षीदाराच्या हाती बेलभंडार द्यायचा, कधी त्याला नदीत उभा करायचा, आणि खरे बोलायला लावायचे. कागदही नाही, साक्षही नाही, अशा वेळी दिव्य करण्याची चालही होती. निवाडा झाला की जिंकणाऱ्याने हरकी द्यायची आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी भरायची. म्हणजे दोन्हीकडून सरकारात पैसा येई. वाचकांनी हे ध्यानात धरावे. जिथे न्यायाच्या ओट्यावर दोन्ही हातांनी पैसा येतो, तिथे बसणाऱ्याचे हात कोरडे राहणे सोपे नसते.

शास्त्रीबुवांचे हात कोरडे राहिले. घरात एका दिवसाला पुरेल त्याहून अधिक धान्य ते ठेवीत नसत अशी त्यांची ख्याती होती. एकदा त्यांच्या पत्नी वाड्यात हळदीकुंकवास गेल्या. न्यायाधीशांची बायको आणि अंगावर फुटका मणी नाही, हे पाहून तिथल्या बायकांनी त्यांना शालू नेसवला, दागिने घातले आणि पालखीत बसवून घरी पाठवले. शास्त्रीबुवा दारात आले, पाहिले, आणि भोयांना म्हणाले की तुम्ही घर चुकलात, आमच्या घरची बाई अशी नाही. ही आख्यायिका आहे, आणि आमच्या घरातल्या मंडळींचा तिच्यावर राग आहे. त्या माउलीचा अपराध तो काय, असे त्या विचारतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण लाच पुढच्या दाराने येत नाही, ती हळदीकुंकवाच्या ताटातून येते, हे शास्त्रीबुवांना ठाऊक होते.

पानिपतच्या वर्षी, १७६१ मध्ये, माधवराव पेशवे झाले. वय सोळा. पोरगा तेजस्वी आणि प्रामाणिक होता, परंतु त्याला जपजाप्य, अनुष्ठान यांची फार ओढ लागली. एके दिवशी शास्त्रीबुवा सरकारी कामासाठी वाड्यावर गेले तो श्रीमंत देवघरात. थांबले, थांबले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी काशीस जाण्याची रजा मागायला हजर! माधवरावांनी चकित होऊन कारण विचारले. तेव्हा शास्त्रीबुवा म्हणाले की, ब्राह्मणाचे स्नानसंध्येचे व्रतच चालवायचे असेल तर ही गादी सोडावी, आपण दोघेही गंगेच्या काठी जाऊन बसू. पण राज्य हाती घेतले असेल तर रयतेचे गाऱ्हाणे ऐकणे हेच अनुष्ठान. माधवरावांनी ते मानले, आणि त्याचा राग धरला नाही. यात सांगणाऱ्याची जेवढी थोरवी आहे, तेवढीच ऐकणाऱ्याचीही आहे.

आपण वारकऱ्यांनी या प्रसंगावर थोडे थांबावे. आपल्या पुंडलिकाने आईबापांचे पाय चेपताना प्रत्यक्ष देवाला विटेवर उभे केले. देवासाठी आईबापांना ताटकळत ठेवले नाही. पेशव्यांच्या देवघरात नेमके उलटे चालले होते, देवाच्या नावाने माणूस दाराशी खोळंबला होता. शास्त्रीबुवांनी पुंडलिकाचे नाव घेतले असेल नसेल, पण न्याय तोच केला.

माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊर येथे क्षयाने गेले. धाकटे भाऊ नारायणराव गादीवर आले. चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, यांना पेशवाई हवी होती. माधवरावांशीही त्यांनी लढाया केल्या होत्या, आणि हरल्यावर वाड्यातच नजरकैदेत पडले होते. नारायणराव कोवळे, तापट आणि कान हलके. वाड्यावर पहारा गारद्यांचा, आणि त्यांचा पगार थकलेला. याचा शेवट ३० ऑगस्ट १७७३ ला, गणपतीच्या दिवसांत, भरदुपारी झाला. सुमेरसिंग आणि त्याचे गारदी हत्यारे घेऊन आत शिरले. नारायणराव धावत चुलत्याच्या महालात गेले आणि वाचवा म्हणून त्यांना मिठी घातली. तिथेच त्यांना तोडले. धन्यावर वार पडू नये म्हणून चाफाजी टिळेकर नावाचा सेवक त्यांच्या अंगावर आडवा पडला, तोही मेला. आणखी किती तरी नोकरमाणसे त्या दिवशी गेली.

त्यानंतर पुणे कसे वागले? आम्हाला या कथेत खुनापेक्षा हेच अधिक बोचते. खून चार माणसे करतात. तो पचवायला सारे शहर लागते. दादांच्या नावाची द्वाही फिरली. साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे आली. मोठमोठे मुत्सद्दी दरबारात मुजऱ्याला गेले. ते सारे वाईट होते असे म्हणवत नाही. त्यांतल्याच काहींनी पुढे बारभाईंचे कारस्थान करून दादांना हुसकावले. पण त्या घडीला ज्याने त्याने आपले वतन, आपला वाडा, आपली बायकामुले पाहिली. माणसाचा स्वभावच असा आहे. आपणही त्या दिवशी पुण्यात असतो तर कुठे उभे राहिलो असतो, हे छातीवर हात ठेवून सांगावे.

शास्त्रीबुवांनी आपले काम सुरू केले. ते न्यायाधीश होते, शहरात खून झाला होता, चौकशी करणे हे त्यांचे काम. त्यात दीडेक महिना गेला असे सांगतात. चौकशीचा धागा दादांपर्यंत पोहोचला. धरावे असा हुकूम होता, आणि ध चा मा करून मारावे असे आनंदीबाईंनी केले, ही गोष्ट तर पोरासोरांना पाठ आहे. लोकांना ती आवडते याचे कारण उघड आहे. एका बाईच्या माथी पाप घातले की बाकीचे सगळे मोकळे होतात. शास्त्रीबुवांनी दादांना तसे मोकळे केले नाही. थकल्या पगाराच्या हत्यारबंद लोकांना पुतण्यावर सोडणारा, आणि पुतण्या गळ्यात पडला तेव्हा न वाचवणारा, तो काना-मात्रेच्या आड लपू शकत नाही.

दादा कच्चे नव्हते. पाप झाले असेल तर शास्त्राने प्रायश्चित्त सांगावे, असे त्यांनी विचारले. हा प्रश्न वरून नम्र दिसतो, पण आत त्यात व्यवहार आहे. प्रायश्चित्त म्हणजे काही गाई, काही सोने, ब्राह्मणभोजन, तीर्थयात्रा. शास्त्र्याने आकडा सांगावा, खजिन्यातून तो भरावा, आणि पापाचे खाते बंद व्हावे. सत्तेला न्याय नको असतो असे नाही, तिला तो विकत हवा असतो. शास्त्रीबुवांनी आकडा सांगितला नाही. या कृत्याला देहान्त हेच एक प्रायश्चित्त आहे, असे त्यांनी दादांना तोंडावर सांगितले. अशा राज्याचे कधी बरे होणार नाही, आणि तुम्ही कारभारावर आहात तोवर मी चाकरीही करणार नाही आणि पुण्यात पाऊलही ठेवणार नाही, असेही सांगितले. पेशवाईत ब्राह्मणाला देहान्त सहसा देत नसत. इथे तर अपराधी ब्राह्मण, धनी आणि राज्यकर्ता, तिन्ही एकच होता.

शास्त्रीबुवा बोलले तसे उठले आणि वाईजवळ पांडववाडीला जाऊन राहिले. फौज नाही, पक्ष नाही, बंडाची भाषा नाही. घरात एकाच दिवसाचे धान्य ठेवण्याची सवय त्या दिवशी कामी आली. ज्याला गमवायचे थोडे असते त्याला उठायला वेळ लागत नाही.

पुढे १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांच्या विधवा गंगाबाई प्रसूत होऊन सवाई माधवराव जन्मले. दादा सुरतेस जाऊन इंग्रजांना मिळाले, १७७५ मध्ये त्यांच्याशी तह केला आणि आपल्याच राज्यावर परक्यांची फौज आणली. सात वर्षे लढाई चालली. बारभाईंच्या कारभारात शास्त्रीबुवांना सन्मानाने परत बोलावले, आणि ते पुन्हा न्यायासनावर बसले. मारेकऱ्यांपैकी काही सापडले, त्यांना देहदंड झाला. आणि दादा? १७८२ च्या सालबाईच्या तहात त्यांना दरमहा २५,००० रुपये नेमणूक ठरली. ते ११ डिसेंबर १७८३ रोजी कोपरगावी आपल्या मरणाने मेले.

बाबांच्या प्रश्नाला उत्तर हे असे आहे. ज्यांनी तलवार चालवली ते मेले, ज्याच्यासाठी चालली त्याला पगार लागला.

शास्त्रीबुवांची स्तुती करताना एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हाला बरे वाटत नाही. ज्या शास्त्रावर त्यांचा न्याय उभा होता, ते शास्त्र सगळ्या माणसांना एका मापाने मोजत नव्हते. त्याच पुण्यात चोखोबांच्या जातीच्या माणसाला सावलीसुद्धा आवरून चालावे लागे, आणि पंढरीचे दार त्यांना उघडायला १९४७ साल उजाडले, साने गुरुजींना उपास करावा लागला. मापच वाकडे असेल तर मापणारा कितीही सरळ असून पुरत नाही. तरी हाती असलेले माप त्यांनी धन्यासाठी वाकवले नाही, एवढे त्यांच्या पदरात घालावेच लागेल.

शास्त्रीबुवा २५ ऑक्टोबर १७८९ रोजी वारले. दोन वर्षे होतात न होतात तोच, १७९१ च्या ऑगस्टात, कोतवाल घाशीरामाने काही तेलंगी ब्राह्मणांना चोर ठरवून कोठडीत कोंडले आणि त्यांतले पुष्कळजण गुदमरून मेले. लोक खवळले, कोतवालाला त्यांच्या हवाली करावे लागले, आणि त्यांनी त्याला दगडांनी ठेचला. कचेरीत दाद लागेल असा भरवसा उरला नाही म्हणजे शहर असे स्वतःच न्यायाधीश होते.

हे सगळे बाबांना सांगेपर्यंत रात्र बरीच झाली होती. पहाटे उठून दिवेघाट चढायचा होता. बाबांनी कांबळे पसरले, आडवे झाले, आणि काही वेळाने अंधारातूनच विचारले की, तो धन्याच्या अंगावर पडला त्या गड्याचं नाव काय म्हणालात? चाफाजी टिळेकर, असे आम्ही पुन्हा सांगितले. त्यांनी ते दोनदा पुटपुटून पाठ केले आणि कूस बदलली.