माळ्यावरची बंदूक आणि राजाचं संग्रहालय

तुमच्या घराला माळा आहे का? असेल, तर तिथं काय काय पडलंय हे शेवटचं कधी बघितलंत?

माझ्या आजोळी, अंबाजोगाईजवळच्या खेड्यात, ठासणीची एक जुनी बंदूक होती. एका दिवाळीच्या साफसफाईत ती कुणीतरी पॉलिश पेपरनं घासून चकाचक केली, दस्त्याला वॉर्निश फासलं. पुढच्या दिवाळीत ती भंगारात गेली. तिच्यावर कुठली खूण होती, कुठलं साल होतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

म्हणून आज दिनकर गंगाधर केळकर यांची गोष्ट वाचा.

केळकरांचा जन्म १८९६ सालचा. पुण्यात घरचा चष्म्याचा व्यवसाय, आणि जीव कवितेत. 'अज्ञातवासी' या टोपणनावानं ते लिहायचे. इतिहासाच्या ओढीनं त्यांचं लक्ष जुन्या वस्तूंकडे वळलं आणि १९२०च्या सुमारास संग्रह सुरू झाला. मग दुकान एकीकडे, भटकंती दुसरीकडे. जुने वाडे, बाजार, खेडी असं करत ते देशभर फिरले. पत्नी कमलाबाई या वेडात त्यांच्या सोबत होत्या.

तलवारी, ढाली, बंदुकीची दारू ठेवायच्या बारूददाण्या त्यांनी जमवल्याच. पण अडकित्ते, दिवे, दौती, वाद्यं, पाय घासायच्या वज्र्या, कोरीव दरवाजेसुद्धा आणले. लोक जे टाकून द्यायला निघाले होते, त्यात त्यांना माणसाचा हात दिसायचा. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी आणून संग्रहालयात उभे केले.

या सगळ्याला नाव कुणाचं? कुठल्या राजघराण्याचं नाही. त्यांचा मुलगा राजा वयाच्या सातव्या वर्षी गेला. राजा दिनकर केळकर संग्रहालय हे त्या लेकराचं नाव आहे. मुलाची आठवण जपायला बापानं हजारो अनोळखी माणसांच्या आठवणी गोळा केल्या. आज तिथं वीस हजारांवर वस्तू आहेत. जन्मभराचा हा संग्रह त्यांनी विकला नाही, हयातीतच महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. १९९० मध्ये ते गेले.

आता परत आपल्या गावाकडे या. निजामाच्या काळात अंबाजोगाई म्हणजे मोमिनाबाद. इथं हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. १९०३ मध्ये कंटिन्जंट भारतीय लष्करात विलीन झाली. छावणीच्या गावात राहणाऱ्या आपल्याला तरी जुन्या लष्करी हत्याराची भाषा यायला नको का?

ही भाषा धातूवर कोरलेली असते. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर आधी हृदयाच्या आकाराची खूण असायची, पुढे सिंह आला. ली-एनफील्ड रायफलच्या दस्त्याजवळच्या लोखंडी कड्यावर राजमुकुट, कारखाना आणि साल असतं. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याचं नाव तिथंच सापडतं. ब्रिटिश लष्करानं हत्यार विकायला काढलं की त्यावर टोकाला टोक भिडवलेले दोन बाण ठोकले जायचे. जगभरचे संग्राहक नव्या झिलईपेक्षा मूळ लाकूड, मूळ भाग आणि जुळणारे नंबर शोधतात, ते यासाठीच. घासलं की खूण जाते, आणि खूण गेली की हत्यार मुकं होतं.

एक मात्र लक्षात ठेवा, आपल्याकडे हा छंद मोकळा नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार लष्करी .३०३ रायफल प्रतिबंधित बोअरमध्ये येते. सर्वसामान्यांना ती बाळगता येत नाही. जुन्या बनावटीचं, दुरुस्त करूनही चालणार नाही असं हत्यारच परवान्यातून सुटतं. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२च्या कायद्यानं पुरावस्तू ठरू शकते, ती परदेशी पाठवता येत नाही.

मग माळ्यावर काही सापडलं तर? चाप ओढून बघू नका. ठासणीच्या नळीत जुनी दारू अजून ठासलेली असू शकते. घासू नका, तेल-वॉर्निश लावू नका. मोठ्यांना सांगा आणि पोलीस ठाण्यात कळवा. पुरातत्त्व विभागालाही दाखवता येईल. त्याआधी आजोबांना विचारा, ही कुणाची, कुठून आली? उत्तर वहीत लिहून ठेवा.

मी हे विचारलं नाही. आता विचारायला आजोबाही नाहीत आणि बंदूकही नाही. तुमच्याकडे दोन्ही असतील, तर या रविवारी माळ्यावर चढा.