लायनस पॉलिंग : सिकलसेलचे मूळ शोधणारे रसायनशास्त्रज्ञ

२८ फेब्रुवारीला आपण विज्ञान दिन साजरा करतो. याच तारखेला १९०१ साली अमेरिकेतील पोर्टलँड शहरात लायनस पॉलिंग यांचा जन्म झाला. वडील औषधविक्रेते. मुलगा नऊ वर्षांचा असतानाच ते वारले. घरची ओढाताण सोसत, मिळेल ते काम करत लायनस शिकले आणि कॅलटेक या संस्थेत रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले.

१९४५ साली डॉ. विल्यम कॅसल यांच्याकडून त्यांना सिकलसेलची माहिती मिळाली. या आजारात प्राणवायू कमी पडला की गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे-सांधे असह्य दुखतात, लहान बाळांचे हातपाय सुजतात, डोळे पिवळे दिसतात, थकवा येतो. पण पेशी वाकते का? दोष हिमोग्लोबिनमध्येच असावा, असे पॉलिंग यांना वाटले. हार्वे इटानो आणि इतर सहकाऱ्यांनी विजेच्या साहाय्याने तपासणी केली. रुग्णाचे हिमोग्लोबिन निरोगी हिमोग्लोबिनपेक्षा वेगळे सरकले! १९४९ साली हा शोध प्रसिद्ध झाला. एका रेणूतल्या बदलामुळे आजार होतो, हे प्रथमच सिद्ध झाले.

वाहकांच्या रक्तात मात्र दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन सापडले. हेच मुलांना फळ्यावर समजावून सांगता येते. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. पहिले मूल आजारी म्हणून पुढचे सुटले, असा हिशेब चालत नाही. एकच पालक वाहक असेल आणि दुसरा निरोगी, तर मुलाला हा आजार होत नाही.

पॉलिंग यांना १९५४ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. अणुचाचण्यांविरुद्धच्या लढ्यासाठी १९६२ चे शांततेचे नोबेलही मिळाले. तरी १९६८ साली त्यांनी वाहकांच्या कपाळावर खूण गोंदावी असे सुचवले. दुःख टाळण्याचा हेतू होता, पण वाट चुकीची होती. अशी खूण म्हणजे माणसावर कायमचा शिक्काच. १९ ऑगस्ट १९९४ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या विदर्भात आणि नंदुरबार भागात हा आजार बराच आढळतो. म्हणून रक्ततपासणी जरूर करावी, पण अहवाल वर्गात वाचून दाखवू नये. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, आणि हा आजार स्पर्शाने पसरतही नाही. पाय दुखतात म्हणून वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलाला कामचुकार म्हणण्याआधी एकदा त्याची तपासणी झाली आहे का, ते घरी विचारावे.