विश्वेश्वरय्यांची पदवी आणि आजचा विद्यार्थी

बारावीचे आणि सामाईक प्रवेश परीक्षेचे निकाल लागले, की शिरूर आणि दौंड तालुक्यांतील अनेक घरांत एकाच प्रश्नाची चर्चा सुरू होते. मुलाला अथवा मुलीला अभियांत्रिकीस पाठवावयाचे, तर पदवी कोणत्या विद्यापीठाची घ्यावी? पुण्याचे जुने सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय २०२२ साली स्वतंत्र सार्वजनिक विद्यापीठ झाले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेली महाविद्यालये तर गावाच्या चारी दिशांना आहेत. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशीही राज्यभरातील अनेक महाविद्यालये जोडली गेली आहेत. यांपैकी कोणाचे नाव प्रमाणपत्रावर असल्यास नोकरी मिळेल, हा पालकांचा खरा प्रश्न असतो. या प्रश्नाचे उत्तर शोधताना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे चरित्र पुन्हा एकदा चाळून पाहावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. विश्वेश्वरय्या मैसूरचे खरे. पण त्यांची पदवी पुण्याची आणि त्यांच्या उमेदीतील महत्त्वाचे कामही पुणे जिल्ह्याच्या पाण्याशी निगडित होते.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६१ साली मैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. वडील संस्कृतचे पंडित होते. घरी विद्या होती, द्रव्य नव्हते. पितृछत्र लहानपणीच हरपले. बंगलोरच्या सेंट्रल कॉलेजात त्यांनी शिकवण्या करून शिक्षण घेतले आणि १८८१ साली मद्रास विद्यापीठाची बी. ए. ही पदवी मिळविली. पुढे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढेही उभा राहिला. अभियांत्रिकीची पदवी मिळण्याची सोय त्या वेळी मैसूर संस्थानात नव्हती. संस्थानच्या सरकारने शिष्यवृत्ती दिली आणि हा विशीतील तरुण पुण्याच्या ‘कॉलेज ऑफ सायन्स’मध्ये दाखल झाला. १८५४ साली एका छोट्या वर्गाच्या रूपाने सुरू झालेली ही संस्था तेव्हा मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. १८८३ साली विश्वेश्वरय्या तेथून एल. सी. ई. परीक्षेत पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले.

या पहिल्या क्रमांकाचे मोल काय होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. परीक्षेत पहिला येणाऱ्यास मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंत्याची जागा मिळण्याची त्या काळी हमी असे. त्यानुसार १८८४ साली विश्वेश्वरय्यांची नेमणूक झाली आणि ते नाशिकला रुजू झाले. म्हणजे पदवी आणि नोकरी यांचे नाते तेव्हा इतके सरळ होते. परंतु ते एका क्रमांकापुरतेच सरळ होते. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याची पदवीही त्याच विद्यापीठाची होती, त्यावर मोहोरही तीच होती. तथापि ती हमी त्याच्या वाट्यास येत नसे. नोकरीची शाश्वती विद्यापीठाच्या नावात नव्हती. ती सरकारने राखून ठेवलेल्या एका जागेत होती. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे, तर पदवी हा पुरवठा आणि जागा ही मागणी. पुरवठ्याचे नाव कितीही मोठे असले, तरी त्यामुळे मागणी आपोआप निर्माण होत नाही.

पदवीने विश्वेश्वरय्यांना दार उघडून दिले. पुढचे शिक्षण मात्र कामावरच झाले. खानदेशात धुळ्याच्या बाजूस नदीच्या पात्रातून पाण्याचा नळ आरपार नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळ्यात पुराने पात्रातील काम गाळाने भरून जाऊ लागले, तेव्हा काम काही काळ पुढे ढकलावे असे त्यांनी सुचविले. वरिष्ठांना ते रुचले नाही. अखेर नव्या अभियंत्याने अडचणीतून वाट काढून ते काम तडीस नेले. पुढे सिंधमधील सक्कर शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम त्यांनी केले. गाळणीच्या मोठ्या टाक्या बांधण्याइतका पैसा तेथील नगरपालिकेपाशी नव्हता. तेव्हा नदीच्या वाळूतूनच पाणी झिरपून स्वच्छ व्हावे, अशी रचना त्यांनी केली. कमी पैशात काम भागविण्याची ही दृष्टी वर्गात सांगता येते. अंगी मात्र ती कामावरच बाणते.

त्यानंतर ते पुण्यास आले. खडकवासल्याचे धरण १८७९ पर्यंत बांधून झाले होते. परंतु पावसाळ्यात जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात टंचाई भासे. धरण उंच करावे, तर खर्च मोठा. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसविण्याची योजना आखली. पाणी ठरावीक पातळीस पोहोचेपर्यंत ते बंद राहत आणि पातळी ओलांडली की आपोआप उघडत. १९०३ च्या सुमारास ही योजना अमलात आली आणि धरणाची भिंत न वाढविता साठा सुमारे आठ फूट वाढला. त्याच सुमारास नीरेच्या कालव्यावर त्यांनी ‘ब्लॉक पद्धती’ सुचविली. एका गटातील जमिनीत पाण्याची, मध्यम पाण्याची आणि कोरडवाहू अशी पिके फेरपालटाने घ्यावीत, म्हणजे थोड्या पाण्याचा लाभ अधिक गावांना होईल, असे तिचे सूत्र होते. शेतकऱ्यांच्या मनात आरंभी शंका होत्या. तो प्रश्न आजही मिटलेला नाही. खडकवासल्याचे पाणी नव्या मुठा उजव्या कालव्याने दौंड तालुक्यातून इंदापूरकडे जाते. शिरूर तालुका घोड आणि चासकमान धरणांच्या पाण्याकडे डोळे लावून असतो. ऊस किती आणि शेवटच्या गावाचे पाणी किती, हा वाद येथील प्रत्येक आवर्तनास ऐकू येतो.

एवढे कर्तृत्व गाजवूनही विश्वेश्वरय्यांच्या वाटेत एक भिंत होती. मुंबई प्रांताच्या मुख्य अभियंत्याचे पद त्या राजवटीत हिंदी माणसास मिळण्याची आशा नव्हती. पहिल्या क्रमांकाची पदवी आणि दोन तपांची सेवा यांनाही ती भिंत ओलांडता आली नाही. १९०८ च्या सुमारास त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. १९०९ साली ते मैसूरचे मुख्य अभियंता आणि १९१२ साली दिवाण झाले. त्यांच्या चरित्रातील सर्वांत बोधप्रद भाग येथून सुरू होतो. १९१६ साली मैसूर विद्यापीठ स्थापन झाले आणि १९१७ साली बंगलोरला अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. पण विश्वेश्वरय्या केवळ पदव्या देणारी यंत्रणा उभारून थांबले नाहीत. कृष्णराजसागराचे धरण, १९१३ साली निघालेली मैसूर बँक, चंदन-तेल आणि साबणाचे कारखाने, भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना या साऱ्यांना त्यांनी चालना दिली. शिकलेल्या तरुणांना काम मिळावयाचे, तर काम देणारे उद्योगही त्याच भूमीत उभे राहिले पाहिजेत, हे त्यांनी ओळखले होते. पुढे १९२१-२२ मध्ये मुंबई प्रांताच्या तांत्रिक व औद्योगिक शिक्षण समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्या समितीत मात्र एकमत होऊ शकले नाही. १९५५ साली त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला आणि १९६२ साली, वयाची शंभरी ओलांडून, ते निवर्तले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्या महाविद्यालयात विश्वेश्वरय्या शिकले, तेच आज स्वतंत्र विद्यापीठ आहे आणि तेथे प्रवेश मिळाला, तर तो घ्यावा, हे सांगावयास कोणाची गरज नाही. परंतु तेथील जागा मोजक्या आहेत. तेथे प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्याने पुणे विद्यापीठ की लोणेरे, या वादात रात्री जागवाव्यात, असे मात्र काही नाही. राज्य सरकारच्या अभियंता पदांसाठी कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी सारखीच पात्र ठरते. खासगी कंपन्या निवडीसाठी येतात, त्या विद्यापीठात नव्हे, तर महाविद्यालयात. म्हणून पालकांनी पाहावयाचे ते महाविद्यालय. पूर्णवेळ अध्यापक किती आहेत? प्रयोगशाळेतील यंत्र चालू आहे की त्यावर केवळ फलक आहे? फी आणि वसतिगृहाचा खर्च मिळून घरावर कर्ज किती होईल? गेल्या दोन-तीन वर्षांत किती विद्यार्थ्यांना नोकरी लागली, आणि त्यांतील किती जण आपल्या शाखेच्या कामावर आहेत? ही चौकशी प्रमाणपत्रावरील नावाच्या चौकशीपेक्षा अधिक उपयोगी ठरेल. शाखा निवडतानाही केवळ संगणकाच्या लाटेबरोबर वाहत जाणे शहाणपणाचे नाही. रांजणगावचे कारखाने, कुरकुंभची रासायनिक वसाहत, दौंडचे रेल्वे जंक्शन आणि दोन्ही तालुक्यांतील कालवे यांना यंत्र, रसायन, वीज आणि स्थापत्य जाणणारी माणसे लागतातच.

तथापि सारा भार पालकांवर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. १८८४ साली परक्या सरकारने, एका जागेपुरती का होईना, पदवीची जबाबदारी स्वीकारली होती. आज विद्यापीठे आपली आहेत, पदव्याही विपुल आहेत. परंतु सार्वजनिक महाविद्यालयांत अध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवावयाच्या, अभियंत्यांची भरती लांबणीवर टाकावयाची आणि गावाशेजारच्या कारखान्यात पदवीधराने कंत्राटावर राबावयाचे, अशी व्यवस्था असेल, तर कोणत्याही विद्यापीठाचे नाव त्या तरुणास तारू शकणार नाही. विद्यापीठ आणि उद्योग ही एकाच कार्याची दोन अंगे आहेत, हे विश्वेश्वरय्यांनी मैसुरात कृतीने दाखविले. ज्या जिल्ह्याने त्यांना पदवी दिली, त्या जिल्ह्याने तरी हा धडा विसरू नये.